तिन्ही टीव्हींवर एकच डाग

साईनगर, अमरावती
८ जानेवारी २०२५

दादा,

साष्टांग नमस्कार झाला असं समज. गुडघे वाकत नाहीत.

तू २०१३ च्या भाऊबीजेला दिलेला बत्तीस इंची टीव्ही परवा गेला. आवाज येतो, चित्र येत नाही. कुलदीपने मोबाइलचा टॉर्च काचेवर धरला तर आत अंधारात माणसं हिंडताना दिसली. म्हणजे तू म्हणतोस ती मागच्या उजेडाची पट्टीच गेली असणार. ती तू दोनदा बदललीस. तिसऱ्यांदा बदलायची नाही असं अपेक्षाचं म्हणणं आहे. सून आहे, कुलदीपसारखंच मलाही तिचं ऐकावं लागतं. मी सून होते तेव्हा माझं कोणी ऐकलं नाही, तो भाग वेगळा.

तर नवा घ्यायचा आहे. त्रेचाळीस इंची, मधल्या किमतीचा. फार भारी नको आणि फार हलकाही नको. कुलदीप रोज जेवताना मोबाइलवर लोकांनी दिलेले तारे वाचून दाखवतो. एकाच टीव्हीला एकजण पाच तारे देतो आणि दुसरा लिहितो की खोका फाटका आला, म्हणून एक. अकोल्यात चाळीस वर्षं टीव्ही उघडून बसलेला सख्खा भाऊ असताना मी खोक्यावरून टीव्ही का निवडू? तू दुकानांत जा, पाहा आणि मला लेखी कळव.

फोन करू नकोस. मागे आपण फोनवर आईच्या लुगड्याच्या रंगावर आलो आणि पुढे सात महिने बोललो नाही. पत्रात कोणी मधेच तोडत नाही.

दिवाळीपासून तू दुकान बंद केलंस. दिवसभर करतोस काय? तुला काम मिळावं म्हणून हे सांगते आहे असं मनात आणू नकोस. टीव्ही खरंच गेला आहे.

तुझी
जमुना


जुने शहर, अकोला
१४ जानेवारी २०२५

चि. जमुना,

आशीर्वाद. सोबत तीळगूळ आहे. पोस्टात त्याचा चुरा झाला तर गोड बोलण्याची अट माझ्यावर राहणार नाही.

लुगडं अंजिरी होतं. ते असो.

टीव्हीचं काम घेतलं. पण आधी काही गोष्टी समजून घे. दुकानातला टीव्ही दुकानाच्या मोडवर ठेवलेला असतो. उजेड पूर्ण, रंग भडक आणि पडद्यावर पोपट. जगातला कुठलाही टीव्ही पोपटावर चांगलाच दिसतो. तुझ्या घरी पोपट नाही, बातम्या आहेत. म्हणून मी आधी तो मोड काढायला लावतो आणि मग माझा पेनड्राइव्ह घालतो. त्यावर जाळी आहे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या उभ्या-आडव्या रेघा, बाकी काही नाही. डब्याच्या टीव्हीच्या काळात ह्या जाळीसाठी वेगळं मशीन लागायचं, दुकानात माझ्या उजव्या हाताला असायचं ते. जाळीवर कंपनीची जाहिरात चालत नाही. रेघ सरळ दिसली तर टीव्ही सरळ.

माझा क्रम तुला माहीत आहे. आधी प्लग, मग वायर, मग अँटेना आणि सगळ्यात शेवटी टीव्ही. शंका आली की त्याच अँटेनावर दुसरा टीव्ही लावून पाहायचा. दोन्हींवर मुंग्या आल्या तर टीव्ही उघडायचा नाही, छपरावर चढायचं. हे साधं पथ्य न पाळता लोकांनी माझ्याकडे चांगले टीव्ही रिक्षात घालून आणले आणि मी ते तसेच परत पाठवले.

आता तू कळव. भिंत किती रुंद? बसायची जागा भिंतीपासून किती फूट? खिडकी समोर की बाजूला? बाजूने बसून पाहणारं घरात कोण? कारण काही पडद्यांवर बाजूने पाहिलं की काळा रंग राखेसारखा होतो. तुमच्याकडे लाइन कमी-जास्त होते का? डिशचा डबा, कुलदीपचं काहीबाही आणि तुझा भजनाचा स्पीकर धरून मागे तीन भोकं लागतील, ते मी पाहतो.

उद्यापासून दुकानं पाहायला लागतो. इस्त्रीचे दोन शर्ट काढून ठेवले आहेत.

तुझा
खुशालराव


साईनगर, अमरावती
२१ जानेवारी २०२५

दादा,

तीळगूळ आख्खा पोचला, तेव्हा अट तुझ्यावर आहे. लुगडं वांगी रंगाचं होतं.

भिंत अकरा फूट. बसायची जागा साडेसात फुटांवर. खिडकी डाव्या हाताला, संध्याकाळी तिच्यातून ऊन येतं. बाजूने मी बसते, कारण मधली जागा कुलदीपची. लाइन जशी सगळ्यांची, तशी आमची. त्रेचाळीस इंची भिंतीवर छान बसतो. ('बसतो'च्या जागी 'बसेल' वाच.)

तुझं पत्र तीन पानांचं होतं. पौर्णिमावहिनी गेल्यापासून तीन वर्षांत तू मला अर्ध्या पानाच्या वर कधी लिहिलं नव्हतंस. मी ते अपेक्षाला वाचून दाखवलं. पोपटापाशी आले तेव्हा ती इतकी हसली की तिच्या हातातली परात पडली. म्हणाली, "मामांले सांगा, आनखी लिवा म्हना."

तेव्हा घाई करू नकोस. दोन दुकानांऐवजी चार पाहा. टीव्हीवाचून आमचं काही अडलेलं नाही. अपेक्षा मोबाइलवर मालिका पाहते, कुलदीप मोबाइलवर मॅच पाहतो आणि मी त्या दोघांना पाहते.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या पत्रातल्या ओळी उजवीकडे जाता जाता खाली उतरतात. पूर्वी पट्टीने आखल्यासारखं लिहायचास. टेबलाचा पाय हलतो आहे का?

तुझी
जमुना


जुने शहर, अकोला
३० जानेवारी २०२५

चि. जमुना,

टेबलाचा पाय ठीक आहे. पेन नवीन आहे, घसरतं.

दोन दुकानांतले दोन टीव्ही तपासले. कंपन्यांची नावं लिहीत नाही, पत्र कोणाच्याही हाती पडू शकतं. खुणा सांगतो.

पहिला बारीक पायांचा. चित्र स्वच्छ, बाजूने पाहिल्यावर रंग टिकतो, मागे तीन भोकं आहेत. रिमोट हलका आणि त्यावर आकडे नाहीत. चॅनलचा आकडा टाकायचा तर डिशचा दुसरा रिमोट हातात घ्यावा लागेल. आवाज वीस वॅट लिहिलाय, कानाला तेवढा वाटत नाही. दुसरा रुंद कडांचा. आवाज भरदार, काळा रंग खोल, पण बाजूने बसणाऱ्याच्या वाट्याला राख येईल, म्हणजे तुझ्या. पडद्याची वॉरंटी पहिल्याची तीन वर्षं, दुसऱ्याची एक.

इथवर मी बारीक पायांच्याच बाजूने होतो. मग जाळी लावली.

जमुना, पडद्याच्या बरोबर मधे मळकट डाग आहे. साधारण पेरूएवढा. उभ्या रेघा त्या डागापाशी आल्या की आत ओढल्यासारख्या वाकतात आणि खाली पुन्हा सरळ होतात. डब्याच्या टीव्हीत रेघा वाकायच्या, ते मी हजार वेळा सरळ केलंय. पण ह्या चपट्या पडद्यात रेघ वाकायला जागाच नसते. आतल्या चिपची काहीतरी गडबड असावी. मी जवळ गेलो, लांब गेलो. कोपऱ्यात पाहिलं तर डाग कोपऱ्यात. वर पाहिलं तर वर. चाळीस वर्षांत फिरता डाग मी प्रथमच पाहतो आहे.

रुंद कडांच्या टीव्हीवरही तोच. तेवढाच आणि तसाच फिरता.

ह्या दुसऱ्या दुकानात नागसेन नावाचा सेल्समन आहे. त्याच्या वडलांचा रेडिओ मी दुरुस्त केला होता, म्हणून मान ठेवतो. तो बराच वेळ माझ्या बाजूला उभा राहून पाहत होता. म्हणाला, "काका, मले तं काईच दिसून नाई राहिलं. रेघा सरळच हायेत."

मी म्हटलं, "विकनाऱ्याले दोष दिसत नसते बाप्पा."

"तुमाले टीव्ही घ्याचा हाय का दुरुस्त कराचा हाय?"

"घेतल्यावर दुरुस्त करा लागू नये म्हनून तं पाहून राहिलो."

त्याने चहा मागवला. कप बशीत ठेवताना माझ्याकडून थोडा सांडला. दोन्ही टीव्ही नापास. तिसरा शोधतो.

तुझा
खुशालराव


साईनगर, अमरावती
५ फेब्रुवारी २०२५

दादा,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अपेक्षाला वाचून दाखवलं नाही.

मला टीव्हीतलं कळत नाही. पण चांदूर रेल्वेच्या सरकारी दवाखान्यात मी छत्तीस वर्षं नर्स होते आणि मोतीबिंदूच्या शिबिरांत हजारो म्हातारे ओळीत उभे केले. तेव्हा काही प्रश्न विचारते, रागावू नकोस. नागसेनच्या तोंडाकडे पाहिलंस तेव्हा तिथेही डाग होता का? चष्मा शेवटचा कधी बदललास? वर्तमानपत्रातली ओळ मधूनच तुटते का?

सरळ उत्तर दे. नाहीतर असं कर, इकडेच ये. राजापेठला तीन दुकानं ओळीने आहेत. सोबत पाहू. येताना पेनड्राइव्ह आण.

तुझी
जमुना


जुने शहर, अकोला
१३ फेब्रुवारी २०२५

चि. जमुना,

तुझ्या सांगण्यावरून सोमवारी सकाळी अमरावतीला निघालो. बसची पाटी पुसट लिहिलेली होती. अकोट गेलं, अंजनगाव गेलं, तेव्हा रस्ता वेगळा वाटला म्हणून कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, हे अचलपूरची गाडी हाय. चढतानी पाटी वाचली नाई काय?" एसटीने पाट्या रंगवण्यावर लक्ष द्यायला हवं.

घराबाहेर पडलोच होतो, म्हणून अचलपूरचं एक दुकान पाहून घेतलं. तिसरा टीव्ही चंदेरी पट्टीचा. रिमोटवर आकडे आहेत, ही जमेची बाजू. जाळी लावली. डाग आहे. आधीच्या दोघांपेक्षा थोडा मोठा.

येताना चार जणांना विचारून गाडीत बसलो.

आता तुझे प्रश्न. चष्म्याचा संबंध नाही. मी चष्मा लावून पाहिलं, डाग होता. काढून पाहिलं, डाग होता. म्हणजे चष्मा निर्दोष. ही तपासणी मी स्वतः केली आहे. वर्तमानपत्राची छपाई हल्ली सगळीकडेच वाईट आहे. नागसेनच्या तोंडाकडे पाहायला मी गेलो नव्हतो.

माझ्या घरच्या टीव्हीचंही वय झालं. संध्याकाळच्या बातम्या देणाऱ्या बाईंना महिनाभरापासून नाक दिसत नाही. कान दिसतात, कानातले दिसतात, खांदे दिसतात. नाकाच्या जागी धूर.

माझं मत असं. तिन्ही कंपन्या पडदे एकाच कारखान्यातून घेत असाव्यात आणि त्या कारखान्याचा माल बिघडला आहे. सध्या नवा टीव्ही घेऊ नकोस. जुन्याची पट्टी मी येऊन बदलून देतो. अपेक्षाला सांग, तिसऱ्यांदा बदलली म्हणून काही बिघडत नाही.

तुझा
खुशालराव


साईनगर, अमरावती
१७ फेब्रुवारी २०२५
(स्पीड पोस्ट)

दादा,

काल तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू "टीव्हीचं असन तं लेखी कळव" म्हणून ठेवून दिलास. तेव्हा लेखी कळवते.

मी तुझ्याशी खोटं बोलले. टीव्ही आमच्याकडे बारा जानेवारीलाच आला. कुलदीपला मोबाइलवर स्वस्तात दिसला, त्याने न विचारता मागवला. तुझं तीन पानी पत्र त्यानंतर आलं. इस्त्रीचे दोन शर्ट काढून ठेवलेत असं तू लिहिलं होतंस. ते वाचून टीव्ही घेतला म्हणून सांगायला माझा हात उचलेना. वाटलं, चार दुकानं हिंडेल, चार माणसांशी भांडेल, बरं वाटेल त्याला. मी महिनाभर तुला एका घेतलेल्या टीव्हीसाठी उन्हातान्हात फिरवलं. त्याची माफी मागते.

पण आता नीट ऐक. माझ्या भिंतीवर जो टीव्ही आहे, तो बारीक पायांचाच आहे. तू नापास केलास तोच, तू लिहिलेल्या सगळ्या खुणांसकट. काल अपेक्षाने त्यावर तशीच जाळी लावली. मी पाहिली, तिने पाहिली, कुलदीपने पाहिली, शेजारच्या पार्बताबाईंना बोलावून त्यांना दाखवली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. चौघांनाही रेघा सरळ दिसल्या. डाग नाही.

तीन गावांचे नाहीत तरी तीन दुकानांचे तीन टीव्ही. तिन्हींवर एकच डाग, आणि तू पाहशील तिकडे तो येतो. बातमीवाल्या बाईंना नाक नाही. तुझं पथ्य तूच लिहून पाठवलं आहेस. दोन्हींवर मुंग्या आल्या तर टीव्ही उघडायचा नाही, छपरावर चढायचं. दादा, छपरावर चढ.

आज सकाळी मी तुझी डागाबद्दलची दोन्ही पत्रं घेऊन इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. पेशंट न नेता नुसती पत्रं नेली म्हणून कंपाउंडर हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी डागाचा परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हणाले, इतकी स्वच्छ तक्रार पेशंट कधी सांगत नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध पाणी किंवा रक्त झिरपत असावं, असा त्यांचा अंदाज आहे. डोळ्यात इंजेक्शन देतात. जे गेलं ते बहुतेक येत नाही, जे उरलं आहे ते वाचवता येतं. पण हे आठवडाभरात दाखवा म्हणाले, महिनाभरात नाही.

मला भीती वाटते आहे. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना "घाबरू नका" म्हणाले, त्याचा स्वतःला काही उपयोग नाही.

एक तपासणी कर. घरी जाळी लाव. एक डोळा हाताने झाक आणि बघ. मग दुसरा झाक. काय दिसलं ते लिही.

कुलदीप आणि मी शनिवारी गाडी घेऊन येतो. न सांगता आले असते, पण मग तू आतून कडी लावून बसला असतास. तुला मी लहानपणापासून ओळखते.

तुझी
जमुना


जुने शहर, अकोला
१९ फेब्रुवारी २०२५

जमुना,

पत्र आज दुपारी मिळालं. लगेच जाळी लावली.

डावा झाकून उजव्याने पाहिलं. डाग आहे, पण पातळ. रेघा वाकतात.

उजवा झाकून डाव्याने पाहिलं. मधे काही नाही. जाळीची चौकट आहे, मधे जाळीच नाही. मग मी उठून डाव्याने पौर्णिमाच्या फोटोकडे पाहिलं. हार दिसला.

तीन टीव्ही निर्दोष आहेत. नागसेनला मी विकणारा म्हणालो, त्याची माफी मागायला हवी.

तू खोटं सांगितलंस, तसं मीही सांगितलं आहे. दुकान मी गिऱ्हाईक कमी झालं म्हणून बंद केलं नाही. दसऱ्याच्या आठवड्यात बापूसाहेब वकिलांचा टीव्ही आला होता. साधं काम, आतल्या चिपच्या सुटलेल्या पायाला कथलाचा एक टाका घालायचा. टाका मी शेजारच्या पायावर घातला आणि सुरू केल्यावर अख्खा बोर्ड जळाला. आयुष्यात माझ्या हातून असं झालं नव्हतं. त्यांना दुसरा बोर्ड टाकून दिला आणि लाइन वाढली म्हणून जळला असं सांगितलं. गिऱ्हाइकाशी तेवढं एकदाच खोटं बोललो. दिवाळीला शटर ओढलं आणि लोक हल्ली टीव्ही दुरुस्त करत नाहीत, फेकतात, असं सगळ्यांना सांगत सुटलो. तुलाही तेच सांगितलं.

म्हणजे मला माहीत होतं. तुझ्या टीव्हीच्या निमित्ताने दुकानांत गेलो तेव्हा वाटलं, दोष टीव्हीतच निघाला तर बरं. प्रत्येक वेळी जाळी लावताना तेच वाटायचं. अचलपूरला तर मी देवाचं नाव घेऊन लावली.

भीती मलाही वाटते. मला दुसरं काही येत नाही.

टीव्ही आधीच घेतलास याचा राग आला आहे. तो नंतर काढीन. शनिवारी कडी लावणार नाही.

खुशालराव


साईनगर, अमरावती
४ एप्रिल २०२५

दादा,

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तू गेलास तेव्हापासून घर मोठं वाटतं. पाच आठवडे राहिलास, दोन इंजेक्शनं घेतलीस, आणि दोन्ही वेळा टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरांना दिव्याचा वॅट विचारलास. ते म्हणाले, तुमच्या भावाला तिसऱ्या वेळी आणाल तेव्हा आम्ही दिवा बदलून ठेवू.

कुलदीप अजून तो प्रसंग सगळ्यांना सांगतो. पहिल्या इंजेक्शननंतर चार दिवस तू टीव्हीकडे पाठ करून बसायचास. पाचव्या दिवशी वळलास आणि म्हणालास, "जमे, हे मानसं नारंगी काहून दिसून राहिले? समद्याइले कावीळ झाली काय?" मी घाबरले. मला वाटलं डोळ्यात काही नवीन झालं. मी डॉक्टरांना फोन लावेपर्यंत तू रिमोट हातात घेतलास, बटणं चाचपून चार वेळा दाबलीस आणि माणसं माणसांच्या रंगाची झाली. टीव्ही आल्या दिवसापासून दुकानाच्या मोडवर होता. चांगल्या डोळ्यांची आम्ही तीन माणसं दीड महिना नारंगी माणसं पाहत होतो आणि कुलदीप त्याला पाच तारे देऊन बसला होता.

अपेक्षा म्हणते, आता टीव्ही फिका वाटतो. मी म्हटलं, तसाच राहू दे. मामाने लावलाय.

तिसऱ्या इंजेक्शनची तारीख एकवीस एप्रिल. ये म्हणजे येच. बसस्टँडवर एकट्याने जाऊ नकोस, कुलदीप येईल. डॉक्टरांनी दिलेलं कार्ड रोज पाहतोस का? लिहिता येत असेल तर लिही, नसेल तर फोन कर. लुगड्याचा विषय काढणार नाही.

तुझी
जमुना


जुने शहर, अकोला
१२ एप्रिल २०२५

चि. जमुना,

जाड स्केचपेनने लिहितो आहे. एका पानावर नऊच ओळी बसतात, म्हणून लिफाफा जाड झाला. नागसेनने आखून दिलेले कागद आहेत. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "काका, तवाच म्हनलो होतो मी, रेघा सरळ हायेत म्हनून." ते त्याला आता आयुष्यभर पुरेल.

तू मागे मधल्या किमतीच्या वस्तूंची तुलना मागवली होतीस. ती खाली देतो.

डावा. मधलं चित्र गेलं, येणार नाही. कडेचं शाबूत. दार, जिना, रस्त्यावरची म्हैस दिसते. ठेवून घ्यायला हरकत नाही.

उजवा. डाग पातळ होतो आहे. दर महिन्याला सर्व्हिसिंग. वॉरंटी नाही, बदलून मिळत नाही, दुकान एकच.

डॉक्टरांचं कार्ड मी आरशाशेजारी लावलं आहे. त्यावर काय आहे ते तू पाहिलंसच. जाळी आहे. वीस उभी घरं, वीस आडवी. त्यांनी ते काढून मला समजावून सांगायला सुरुवात केली तेव्हा मी खिशातला पेनड्राइव्ह चाचपला. मागच्या सोमवारी उजव्याने चौदा घरं वाकडी दिसली होती. आज नऊ.

दुकान उघडलेलं नाही. बापूसाहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगून आलो. ते म्हणाले, टीव्ही चालतो आहे, बसा. बसलो.

आता मुख्य गोष्ट. काल संध्याकाळी बातम्या लावल्या आणि डावा हाताने झाकला. बाईंना नाक आहे. त्यात चमकी आहे, डाव्या बाजूला, बारीक. ती त्या कधीपासून घालतात? मी तुमच्याकडे पाच आठवडे होतो, तुमच्यापैकी कोणी सांगितलं नाही. अर्धा तास मी नुसता त्या नाकाकडे पाहत बसलो होतो. बातम्या काय होत्या ते विचारू नकोस.

एकवीसला येतो. लुगडं अंजिरी होतं.

तुझा
दादा

ता. क. बारीक पायांचा टीव्ही घ्यायला हरकत नाही.